ग्रामीण चर्च, मराठवाडा

मराठवाड्याच्या खेड्यांतील ख्रिस्ती समाजाची उपासना, मुलांचे शिक्षण, लग्नकार्य, मूठमाती आणि गावकीतील वावर ज्या संस्थेच्या आधाराने चालतो, ती संस्था. मराठी प्रॉटेस्टंट वापरात उपासकांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात आणि इमारतीला ‘मंदिर’ किंवा ‘चर्च’. हा भेद येथे महत्त्वाचा आहे, कारण अनेक गावांत मंडळी आधी जमली व इमारत पुष्कळ नंतर झाली.

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व जालना येथील छावण्यांतील चर्चे लष्करासाठी होती. ग्रामीण चर्चचा उगम तेथे शोधणे योग्य ठरत नाही. निजामाच्या राज्यातील या भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन केंद्रांतून काम पसरले. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या अँग्लिकन संस्थेच्या वतीने रतनजी नौरोजी हे पारशी समाजातून आलेले धर्मोपदेशक काम करीत. जालन्यात स्कॉटलंडच्या फ्री चर्च या प्रेस्बिटेरियन पंथाचे नारायण शेषाद्री होते. १८४३ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या शेषाद्रींचे जालन्यातील कार्य साधारणतः १८६३ पासून धरले जाते. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वस्ती वसवली. बेथेल म्हणजे हिब्रू भाषेत देवाचे घर. या वस्तीच्या हेतूविषयी मतभेद आहेत. गावाने वाळीत टाकलेल्यांचा तो आसरा होता, असे एक मत आहे. शेती व हस्तव्यवसायांवर उभे राहणारे स्वावलंबी गाव घडवण्याचा तो प्रयत्न होता, असे दुसरे. जमीन मिळवून गाव वसवण्याची खटपट पाहता दुसरे मत अधिक पटते, तथापि पहिल्याने ते खोडले जात नाही.

असाच वाद धर्मांतराच्या कारणांविषयीही आहे. १८७६–७८ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांकडे बोट दाखवून धान्यासाठी धर्म बदलला असे सांगितले जाते. परंतु महार व मांग समाजांत बाप्तिस्मे बहुधा भावकीने व सोयरिकीच्या वाटेने झाले. दुष्काळाने या वाटेला वेग दिला, वाट पाडली नाही, असे म्हणणे सयुक्तिक दिसते. कॅथलिक कार्य वैजापूर तालुक्यातील घोगरगाव येथून १८९० च्या दशकात फ्रान्सलियन या कॅथलिक धर्मसंघाच्या धर्मगुरूंनी वाढवले. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ मध्ये झाला.

पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, महिन्या-दोन महिन्यांनी येत असे. रोजचा माणूस मास्तर. आठवडाभर ज्या खोलीत पाटी-पेन्सिल चाले, तेथेच रविवारी सतरंजी अंथरून उपासना होई. पत्र वाचून दाखवणे, सावकाराचा कागद समजावणे, तलाठ्याकडे अर्ज लिहून देणे ही कामे मास्तराकडे ओघाने येत, आणि त्यासाठी मंडळीबाहेरचे लोकही त्याच्या ओट्यावर बसत. बायबलबाई, म्हणजे मिशनच्या स्त्री-प्रचारक, घरोघर जाऊन स्त्रियांना अक्षरओळख करून देत. गायनात टाळ, ढोलकी व पेटी आली, ना. वा. टिळकांची भक्तिगीते अजून म्हटली जातात.

हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या उपासनेला, चर्चचे सामाजिक रूप उघडपणे दिसते. ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी वेदीपुढे ठेवतात व उपासनेनंतर त्यांचा लिलाव पुकारतात. कोंबडी कित्येकदा आणणाऱ्याच्याच घरी परत जाते, दुप्पट पैसे मोजून. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या वस्त्यांत मात्र नाताळला म्हातारी माणसे व काही मुलेच उरतात.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. पुढे १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध समाविष्ट झाले, ख्रिस्ती नाहीत. कागदावर ख्रिस्ती लिहिले की हा दर्जा जातो. त्यामुळे उपासनेला येणारे आणि कागदोपत्री ख्रिस्ती असणारे यांची संख्या गावोगाव जुळत नाही, व जनगणनेच्या आकड्यांवरून मंडळीचा आकार ठरवणे धोक्याचे आहे. दफनभूमीचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे: लेखी नोंद नसलेली जागा गायरानात धरली जाते आणि पाळक किंवा पंच यांना प्रत्येक मयतीच्या वेळी सरपंचाकडे शब्द टाकावा लागतो.

१९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन वारशाच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. मिशनच्या शाळा व दवाखाने मुख्यतः शहरी राहिले. त्यांपैकी जालन्याच्या मिशन हॉस्पिटलात भोवतालच्या खेड्यांतील रुग्ण येत.