मनगटाच्या फ्रॅक्चरनंतरचा संधिवात आणि तो टाळणं

मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, हाडही जुळलं, पण काही वर्षांनी तिथंच दुखायला आणि आखडायला लागलं, तर तो बहुतेक मार लागून आलेला संधिवात असतो. आमवात वेगळा, त्यात शरीर स्वतःच सांध्यांवर उठतं. इथं कारण त्या एका पडण्यात असतं. नागपुरात अशा केसेस वर्षभर येतात, संक्रांतीला पतंगापायी गच्चीवर धडपडलेली पोरं, पावसात गाडी स्लिप झालेले लोक, बाथरूममध्ये घसरलेल्या आज्या, आणि सगळ्यांनी पडताना हात पुढं टेकवलेला असतो.

हाडांच्या टोकावर कूर्चा नावाचं गुळगुळीत अस्तर असतं. फ्रॅक्चरची रेघ थेट सांध्यात उतरली की तुकडे वरखाली होऊन तिथं पायरी पडते आणि हात हलवला की कूर्चा त्या पायरीवर घासत राहते, ती झिजली की आधीसारखी भरून येत नाही. 1986 मध्ये निर्क (Knirk) आणि ज्युपिटर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी तरुण पेशंट्सचा अभ्यास छापला, त्यात 2 मिलिमीटर किंवा जास्त पायरी राहिलेल्या जवळपास सगळ्यांच्या एक्स-रेत पुढं संधिवात दिसला. एक्स-रेत दिसला म्हणजे दुखतंच असं नाही, हेही खरं. पण तरुण माणसाच्या सांध्यात एवढी पायरी दिसली की सर्जन प्लेट किंवा तारा टाकायचं सुचवतात ते याचमुळं, उगाच बिल वाढवायला नाही.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात महत्त्वाचे. सूज उतरली की प्लास्टर सैल होतं आणि बसवलेलं हाड आतल्या आत सरकतं, त्यामुळं आठवड्याने आणि पुन्हा दोन आठवड्यांनी एक्स-रे काढतात, तो चुकवू नका, मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी हॉस्पिटलांच्या ओपीडीतली लाईन कितीही लांब असो. हाडवैदाकडून घट्ट पट्टी बांधून घेणं तर नकोच, सांध्यातली पायरी हाताला लागत नाही आणि पट्टी आवळल्याने बोटांचा रक्तपुरवठा थांबू शकतो.

मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड तर फार फसवतं. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा दिसतो, पडल्यावर तिथं दाबून दुखत असेल तर पहिला एक्स-रे नॉर्मल आला तरी मुरगळलंय म्हणून सोडून देऊ नये. प्लास्टर किंवा स्प्लिंट घालून 10 ते 14 दिवसांनी परत एक्स-रे, नाहीतर सरळ एमआरआय. या हाडाला रक्त बोटांच्या बाजूनं मिळतं, त्यामुळं मोडल्यावर कोपराकडचा तुकडा उपाशी राहू शकतो, मग तो जुळत नाही आणि पुढं अख्खं मनगट बिघडवतो.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. विदर्भात हे बोलावंच लागतं, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो, सिगारेटचंही तेच, निदान हाड जुळेपर्यंत तरी पूर्ण बंद ठेवा.

प्लास्टरमध्ये असतानाच बोटं, कोपर, खांदा हलवायचा, दिवसातून कितीतरी वेळा पूर्ण मूठ आवळायची नि उघडायची, कारण आखडलेला हात नंतर सुटता सुटत नाही. प्लास्टर साधारण सहा आठवड्यांनी निघतं, स्कॅफॉइडला बरेचदा त्याहून जास्त लागतात. मग फिजिओथेरपी, कोमट पाण्यात मनगट वरखाली, आणि तळहात आकाशाकडे वळवायचा व्यायाम, ही हालचाल बहुतेकदा सगळ्यात उशिरा परत येते, ओंजळीत पाणी घेता आलं नाही की लक्षात येतं. तेल लावून जोरात चोळणं किंवा कुणाकडून हात मुरगाळून घेणं टाळा. भरलेली बादली डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडलं तर हाडांची घनता तपासून घ्यावी, डेक्सा स्कॅन म्हणतात त्याला, कारण ठिसूळ हाडं निघाली तर त्यावर औषधं आहेत आणि पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं असू शकतं.