नॅट : इंटरनेटवरील उपयोजने व प्रोटोकॉल यांवर होणारा परिणाम

नॅट म्हणजे नेटवर्क पत्ता-रूपांतरण. एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यावर अनेक उपकरणे चालावीत म्हणून राउटर पॅकेटवरचे (माहितीच्या तुकड्यावरचे) पत्ते बदलतो, ती ही क्रिया. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीतले पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटीच. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९४ मध्ये आरएफसी १६३१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने नॅटचा तात्पुरता उपाय मांडला. तो अजून हटलेला नाही.

नागपुरात मनीषनगरच्या एखाद्या फ्लॅटमधले मोबाइल आणि टीव्ही बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरतात. पॅकेट बाहेर जाताना राउटर पत्ता व पोर्ट (कोणत्या अ‍ॅपचे किंवा सेवेचे पॅकेट ते सांगणारा क्रमांक) बदलून नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर त्या नोंदीवरून आत पोचवतो. वेबसाइट, यूपीआय यांना याचा पत्ताही लागत नाही, कारण सुरुवात आतून होते. इतवारीतल्या दुकानाचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) धरमपेठेतल्या घरून थेट पाहायचा म्हटले की मात्र अडते : बाहेरून आलेल्या पॅकेटची नोंदच नसते. पोर्ट फॉरवर्डिंगने, म्हणजे अमुक पोर्टवर आलेले पॅकेट अमुक उपकरणाला द्यावे अशी नोंद राउटरमध्ये आधीच करून, हे सुटते, पण सेवादात्याकडेही वर आणखी एक नॅट असेल तर दुकानातल्या राउटरशी कितीही खटपट केली तरी व्यर्थ. राउटरला मिळालेला वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर बहुधा हेच कारण. मग स्टॅटिक (न बदलणारा सार्वजनिक) आयपी विकत घ्यायचा किंवा कॅमेरा कंपनीच्या क्लाउडवर विसंबायचे.

काही प्रोटोकॉल (उपकरणांनी आपसात बोलण्याचे नियम) पत्ता पॅकेटच्या मजकुरातही लिहितात. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचा अ‍ॅक्टिव्ह प्रकार आणि इंटरनेट फोनचा एसआयपी ही नेहमीची उदाहरणे. पाकिटावरचा पत्ता बदलला, आतल्या चिठ्ठीत जुनाच राहिला, अशी गत होते. फोन लागतो पण आवाज एकाच बाजूने येतो. हे दुरुस्त करायला राउटरमध्ये दिलेली एसआयपी एएलजी सोय कित्येकदा स्वतःच घोळ घालते. ती बंद करून पाहणे हा पहिला इलाज. पॅकेट सुरक्षित करणाऱ्या आयपीसेकचा एएच प्रकार तर पत्ता बदलताच पॅकेट खोटे ठरवतो. त्याच्याच ईएसपी प्रकाराला पोर्टच नसल्याने ते यूडीपी या साध्या वाहतूक प्रोटोकॉलच्या ४५०० क्रमांकाच्या पोर्टवरून गुंडाळून पाठवतात.

व्हिडिओ कॉलची अ‍ॅप आपला बाहेरचा पत्ता स्टन सर्व्हरला विचारतात. थेट जोडणी जमली नाही तर टर्न या मधल्या सर्व्हरमार्गे सगळा प्रवाह वळवतात. त्याचा खर्च आणि विलंब वाढतो. यूडीपीची नोंद थोड्या वेळात पुसली जात असल्याने जोडणी जिवंत ठेवायला अधूनमधून पॅकेट पाठवावे लागते. मोबाइलची बॅटरी त्यातही जाते.

सामायिक पत्त्यावर एकाने गैरवापर केला की बंदी सगळ्यांना भोवते. तपासासाठीही नुसता आयपी पुरत नाही, पोर्ट क्रमांक व अचूक वेळ लागते. भरपूर पत्ते असलेल्या आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत नॅटची गरज उरत नाही; मात्र राउटरची फायरवॉल तिथेही बाहेरून येणारी जोडणी अडवू शकते, तेव्हा डीव्हीआरसाठी तिच्यात वाट करून द्यावी लागतेच.