पंचवीस मार्कांची पार्श्वभूमी

ऑगस्ट उजाडला की कोल्हापुरात शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबर दोन भांडणंही. पहिलं मैदानात, सगळ्यांसमोर: ‘ह्या पोराचं वय बघा की राव!’ दुसरं शाळेच्या स्टाफरूममध्ये, दबक्या आवाजात: यादीत नाव कुणाचं घालायचं. पेपरात बातमी येते ती पहिल्याची. मी पंधरा वर्षं शाळेचा फुटबॉल संघ घेऊन फिरलो. मला विचाराल तर सगळी गुंतागुंत दुसऱ्यात आहे, कारण यादीतल्या नावाला दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळू शकतात. पालक त्यांनाच ‘ते पंचवीस’ म्हणतात.

तालमींच्या काळात यातलं काहीच नव्हतं. जोड वस्ताद नजरेनं लावायचा. पोराची छाती, मान, मांडी बघायची आणि म्हणायचं, ‘लाव रे ह्याच्याशी.’ जत्रेत आधी रेवड्यांवर कुस्ती, मग नारळावर, मग रोख इनामावर, अशी सरळ शिडी होती आणि तिला कागद लागत नव्हता. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, वसतिगृहांमुळे खेड्यातली पोरं शहरात शिकायला राहू लागली. हे सगळ्यांना पाठ आहे. त्या व्यवस्थेत न्याय होता असं मात्र समजू नये. वस्तादाच्या मर्जीतला पठ्ठ्या आणि मर्जीबाहेरचा, हा फरक तेव्हाही होताच. दाद मागायला जागा नव्हती, म्हणून तक्रारीची नोंद नाही, एवढंच.

कॉलेजच्या खेळातला निवडीचा वाद म्हटलं की कुस्तीगीर खाशाबा जाधव आठवतात. बक्षीस समारंभात त्यांची गोष्ट हमखास सांगतात, पण अर्धीच. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले आणि खाशाबांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, हा उत्तरार्ध. पूर्वार्ध असा सांगतात की त्याच कॉलेजात त्यांची किरकोळ अंगकाठी बघून क्रीडा शिक्षकांनी वार्षिक स्पर्धेत त्यांना घ्यायलाच नकार दिला होता. ते प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली, मग आखाड्यात उतरले. क्रीडा शिक्षकांच्या मेळाव्यात हा भाग कुणी काढत नाही, आणि का काढत नाही हे आम्हाला माहीत आहे.

१९५४ मध्ये शालेय खेळांची राष्ट्रीय संघटना झाली आणि पुढे चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील हे गट रूढ झाले. वयाची रेषा १ जानेवारीला. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात. तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे चार बोटं उंची आणि फुटलेला आवाज. संघ निवडताना आपण ‘गुणी’ म्हणून ज्याला उचलतो तो पुष्कळदा नुसता आधी जन्मलेला असतो. हे मला फार उशिरा कळलं, आणि तोवर डिसेंबरातली बरीच पोरं घरी गेली होती.

त्यात वयचोरी. २०१० च्या सुमारास केंद्रानं वयचोरीविरुद्ध नियमावली आणली, मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघायची पद्धत आली. पण ती वरच्या पातळीवर. तालुक्याच्या मैदानावर चालतो तो शाळेचा दाखला. एका उपांत्य सामन्यात समोरच्या बचावपटूला चक्क मिशी होती. मी हरकत घेतली, कागद मागवले. दाखला बरोबर होता, पोरगं चुकीचं होतं. पुढच्या वर्षी आमच्यातल्याच एकावर तसा आक्षेप आला तेव्हा मीही दाखलाच पुढे केला, हेही लिहून ठेवतो.

आणखी एक निर्णय बाहेरच्यांना उलगडत नाही. शालेय स्पर्धेत महापालिकेचं क्षेत्र हा वेगळा ‘जिल्हा’ धरतात. कोल्हापूर शहर वेगळं, आणि तालुक्यांचा ग्रामीण भाग वेगळा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या गल्लीगल्लीत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या शाळा एकमेकींना कापतात आणि पुढे विभागीय स्पर्धेला एकच संघ जातो. शहरवाले म्हणतात अन्याय. पण ही वाटणी नसती तर गडहिंग्लजसारख्या फुटबॉलवेड्या गावाला दरवर्षी शाहू स्टेडियमवर वाढलेल्या पोरांशीच पहिली गाठ पडली असती. गगनबावडा, शाहूवाडीची तर गोष्टच सोडा, तिथं जुलै-ऑगस्टात मैदान असतं कुठं? मला ही वाटणी पटते. माझी शाळा शहरातली असूनही.

आता ‘पंचवीस’ या मूळ शब्दाकडे. कागदोपत्री ‘क्रीडा सवलतीचे गुण’, पोरांच्या तोंडी ‘स्पोर्ट्सचे मार्क’, पालकांच्या तोंडी ‘ते पंचवीस’. तिन्ही शब्दांत वेगवेगळ्या काळातला अर्थ अडकून बसलाय. सुरुवातीला ही खरोखर सवलत होती. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या मुलाचा अभ्यास बुडतो, दहावी-बारावीला एखादा विषय राहतो, तर त्याला हात देऊन वर काढायचं. पास झालेल्याला त्याचा उपयोग नव्हता, आणि त्यानं तो मागितलाही नसता. पुढे नियम बदलला. पास झालेल्याच्याही एकूण गुणांत हे गुण मिळवायला लागले. डिसेंबर २०१८ च्या शासन निर्णयानं जिल्ह्यापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंतची उतरंड घातली. पंचवीस हे तिचं सगळ्यात वरचं टोक, तिथं पोचणारा जिल्ह्यात विरळा. तरी बोलताना सगळे ‘पंचवीस’च म्हणतात.

नाव ‘सवलत’ राहिलं, वस्तू ‘बक्षीस’ झाली, वापर ‘गुंतवणुकी’सारखा. हिशेब साधा आहे. दहावीला पाचशेपैकी पंधरा गुण म्हणजे तीन टक्के, आणि अकरावीच्या गुणवत्ता यादीत तीन टक्क्यांनी कॉलेज बदलतं. त्यामुळे आठवीपर्यंत मैदानावर न दिसलेली पोरं नववीत अचानक खेळाडू होतात. शालेय स्पर्धांतले खेळ आता नव्वदच्या आसपास आहेत. एका खेळात शहरातून चाळीसेक संघ उतरतात, पाच-सहा सामने चिखलात जिंकावे लागतात तेव्हा कुठं नंबर लागतो. दुसऱ्या खेळात चार संघ, त्यातले दोन गैरहजर. प्रमाणपत्राचा कागद मात्र सारख्याच जाडीचा. खेळ छोटा म्हणून त्यातला खेळाडू खोटा, असं मी म्हणत नाही. चार संघांतही जीव तोडून सराव करणारे असतात. पण अभ्यासात पुढे असलेल्या मुलाला कुठला खेळ घे म्हणून सांगायचं, याचा सल्ला देणारे आता गावात तयार झालेत, आणि ते खेळाबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

फुटबॉलच्या यादीत अठरा नावं. खेळतात अकरा, बदली धरून तेरा-चौदा. उरलेल्या जागांवर कोण, इथं शिक्षकाची परीक्षा. न्यायानं बघितलं तर पुढच्या वर्षीचा संघ घडवायला आठवीतली दोन बारकी पोरं न्यायला हवीत. नुसतं विभागाचं वातावरण बघितलं तरी ती बदलून येतात. पण दहावीतला एखादा तीन वर्षं राखीवच बसलाय, त्याची आई शाळेत येऊन गेलीय, आणि कागदाचा उपयोग ह्या वर्षी त्यालाच आहे. मी दोन्ही करून बघितलंय. आठवीतली नेली तेव्हा दहावीतल्याच्या घरचे बोलायचे बंद झाले. दहावीतला नेला तेव्हा आठवीतल्यांपैकी एकानं बूट धाकट्या भावाला दिले.

कागदाचं वजन आणखी वाढलं ते नोकरीमुळे. राज्यानं एप्रिल २००५ मध्ये खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण दिलं, जुलै २०१६ मध्ये नियम नव्यानं बांधले. मधल्या आणि नंतरच्या काळात राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाली, पडताळणी कडक झाली. त्याचा त्रास मुख्यतः खऱ्या खेळाडूंना: दहा वर्षांपूर्वीच्या स्पर्धेचा निकाल, प्रवेशयादी, सगळं शोधत हिंडायचं. कॉलेजांची तऱ्हा निराळी. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सर्वसाधारण विजेतेपदासाठी मल्ल आणि धावपटू जुलैत इकडून तिकडे जातात, फी माफ, मेस माफ. पळवापळवी म्हणा हवं तर. खेड्यातल्या पोराला दोन वेळचं जेवण मिळत असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

खेळाडू घडवण्याचं म्हणाल तर कोल्हापूरची अलीकडची मोठी नावं या शालेय शिडीच्या बाजूनं वर गेली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि २०२४ मध्ये पॅरिसहून नेमबाजीचं कांस्यपदक घेऊन आला. २०१७ चा सतरा वर्षांखालचा फुटबॉल विश्वचषक खेळलेला अनिकेत जाधवही प्रबोधिनीतूनच पुढे गेला. तिथं पोराला लहानपणीच उचलतात, उंची, उडी, धाव मोजून. त्यातही जानेवारी-डिसेंबरचा प्रश्न आहेच, पण एकदा आत गेलं की मार्कांसाठी कुणी खेळत नाही. उरलेली हजारो पोरं शाळेच्या संघात असतात, आणि त्यांचं खेळणं दहावीच्या फेब्रुवारीत थांबतं. जिल्ह्यात नंबर काढलेली माझी एक तुकडी होती. निकालानंतर जूनमध्ये सरावाला बोलावलं तर दोघं आले, त्यातला एक पेढे द्यायला.

यंदाही यादी करायची आहे. सोळा नावं शाईनं लिहून झालीत. शेवटच्या दोन ओळी पेन्सिलनं लिहिल्यात, आणि मुख्याध्यापकांच्या सहीला फॉर्म सकाळी साडेदहाला जायचाय.