सर्वांत लक्षणीय बदल पद्धती

विकासकार्यातून घडलेले बदल लोकांच्या कथनांतून टिपून त्यांतील महत्त्वाची कथने चर्चेने निवडण्याची पद्धती. ‘मोस्ट सिग्निफिकंट चेंज’च्या आद्याक्षरांवरून ती एमएससी म्हणून ओळखली जाते. ‘निर्देशकांविना संनियंत्रण’, म्हणजे आधी ठरवलेल्या मोजमापांशिवाय कामावर देखरेख, असाही तिचा उल्लेख आढळतो.

पद्धतीचा उगम सामान्यतः १९९४ च्या सुमाराचा मानतात. मूल्यमापनतज्ज्ञ रिक डेव्हीस यांनी बांगलादेशातील राजशाही भागात, ‘ख्रिश्चन कमिशन फॉर डेव्हलपमेंट इन बांगलादेश’ या संस्थेच्या बचत व कर्ज कार्यक्रमात ती प्रथम वापरली. गेल्या महिन्यात लोकांच्या आयुष्यात सर्वांत लक्षणीय बदल कोणता झाला, हा मूळ प्रश्न. उत्तरे चार क्षेत्रांत विभागली जात : लोकांचे जीवन, त्यांचा सहभाग, त्यांच्या संस्थांचा टिकाऊपणा आणि ‘इतर कोणताही बदल’. हे चौथे क्षेत्र मुद्दाम मोकळे ठेवलेले होते. योजनेच्या आराखड्यात न बसणारी हकीकत त्यातूनच वर येई. स्थानिक कार्यालय प्रत्येक क्षेत्रातून एकेक कथन निवडून ढाक्याला पाठवी. तेथे पुन्हा निवड होई, शेवटी देणगीदारही निवड करीत. प्रत्येक टप्प्यावर निवडीचे कारण लिहून ते खालच्या पातळीला कळवणे अपेक्षित असे.

पद्धतीच्या वैचारिक मुळाविषयी एकवाक्यता नाही. तिला सहभागी मूल्यमापनाच्या, म्हणजे संबंधित लोकांना सामील करून केलेल्या मूल्यमापनाच्या, कुळात धरण्याचा प्रघात आहे. तथापि डेव्हीस यांनी आपली मांडणी उत्क्रांतिवादी ज्ञानमीमांसेवर (ज्ञानही सजीवांप्रमाणे निवडीतून विकसित होते या विचारावर), विशेषतः अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांच्या विचारांवर, आधारली होती. वैविध्य, निवड आणि टिकवण ही उत्क्रांतीची त्रयी कथनांच्या प्रवासात सरळ दिसते, त्यामुळे हे मूळ अधिक ग्राह्य वाटते. त्या दृष्टीने पाहिल्यास पद्धतीचा गाभा गोष्टीत नसून निवडीच्या वेळच्या वादात आहे. निवड गाळून नुसत्या यशोगाथा छापणाऱ्या अहवालांना हे नाव देणे सैलपणाचे ठरते.

पुढे जेस डार्ट यांनी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात दुग्धव्यवसाय विस्तारकार्यात (शेतकऱ्यांपर्यंत नवे ज्ञान पोहोचवण्याच्या कामात) ती राबवली. डेव्हीस व डार्ट यांची मार्गदर्शिका २००५ मध्ये निघाली. तीत दहा पायऱ्या आहेत.

निवडलेली कथने सरासरी अनुभव दर्शवीत नाहीत. चांगल्याच गोष्टी वर सरकतात, हा मुख्य आक्षेप. त्यामुळे संख्यात्मक माहितीची जोड व प्रत्यक्ष पडताळणी सुचवली जाते. याउलट, डेव्ह स्नोडेन यांच्या ‘सेन्समेकर’ या कथने गोळा करण्याच्या साधनात निवड समिती नसते; सांगणारा स्वतःच, कोपऱ्यांवर तीन पर्याय असलेल्या त्रिकोणांत खुणा करून आपल्या कथनाचा अर्थ नोंदवतो.