यजमानाच्या मापाचं घर

बालीमध्ये पारंपरिक घराची सुरुवात यजमानाच्या शरीरापासून होते. पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात, मूठ अशी कर्त्या पुरुषाची मापं तिथला परंपरागत स्थपती, म्हणजे उंदागी, बांबूच्या पट्टीवर उतरवून घेतो. खांबांची उंची आणि तुळयांची लांबी या पट्टीवरून ठरते. प्रत्येक मापात शेवटी थोडी भर घालतात, तरच ते माप जिवंत होतं अशी श्रद्धा आहे. त्यामुळे एकाच गल्लीतली दोन घरं दिसायला सारखी असली तरी त्यांची मापं निराळी असतात.

हे घर म्हणजे एक इमारत नव्हे. भिंतीने वेढलेल्या आवारात मधोमध 'नातह' हे मोकळं अंगण असतं आणि भोवती सुट्या वास्तू, म्हणजे 'बाले'. त्यांच्यामधलं अंतर यजमान टाचेला अंगठा लावत पावलांनी मोजतो आणि शेवटी एक पाऊल आडवं ठेवतो. प्रत्येक पावलाला श्री, इंद्र, गुरू, यम, रुद्र, ब्रह्मा, काल, उमा ही नावं क्रमाने फिरून येतात. स्वयंपाकघराची मोजणी साधारणपणे ब्रह्म्यावर थांबवतात, कारण बालीत तो अग्नीचा देव. बाहेरची बाधा चुलीपाशी जळून जाते असं मानतात, म्हणून परतलेला माणूस आधी तिथे जातो.

दिशांचा हिशेब मला सगळ्यात विलक्षण वाटतो. 'काजा' म्हणजे डोंगराकडची बाजू आणि 'केलोद' म्हणजे समुद्राकडची. डोंगररांग बेटाच्या मधून पूर्व-पश्चिम जाते, त्यामुळे दक्षिणेकडच्या देनपासार शहरात काजा उत्तरेला येते, तर उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगराजात दक्षिणेला. डोंगराची आणि सूर्योदयाची बाजू पवित्र असल्याने कुलदेवालय दक्षिण बालीत ईशान्य कोपऱ्यात असतं, सिंगराजाकडे मात्र आग्नेयेला. होकायंत्रापेक्षा भूगोल मोठा ठरतो, तो असा.

या श्रद्धांच्या जोडीला बांधकामाची पक्की जाण आहे. खांब दगडी उथळ्यांवर नुसते टेकवलेले असतात आणि लाकडाचे सांधे खाचा-खुंट्यांनी जोडलेले. भूकंपात असा सांगाडा थोडा हलतो, पण सहजी मोडत नाही. उघड्या बाजूंमधून वारा खेळतो, जाड गवती छप्पर ऊन अडवतं. खांब उभा करताना झाडाच्या मुळाकडचा भाग खालीच हवा, हा नियम उंदागी कधी मोडत नाही.

पूर्वेकडचा 'बाले दांगिन' कुटुंबाच्या विधींसाठी असतो. दात कानशीने घासून सपाट करण्याचा संस्कार तिथेच होतो आणि घरातलं कुणी गेलं की पार्थिवही तिथेच ठेवतात. मूल जन्मलं की त्याची वार अंगणाच्या बाजूला, झोपायच्या बालेच्या पायऱ्यांपाशी पुरतात.

आता शहरांत जागा अपुरी पडते. भावाभावांत आवार वाटलं जातं, सुट्या बालेंऐवजी सिमेंटचं दुमजली घर उभं राहतं. अशा घरांत कुलदेवालय थेट गच्चीवर नेतात, पण कोपरा बदलत नाहीत.