फ्लॅश कॅमेऱ्यावर बसतो, पण कॅमेऱ्याशी बोलतो का?

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घेतला की पुढचा प्रश्न ठरलेला, याला कुठला फ्लॅश चालेल? आणि उत्तरही ठरलेलं, "बसतो की कुठलाही". बसतो हे खरंय, कारण कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या हॉट शूचं, म्हणजे फ्लॅश अडकवायच्या खाचेचं, माप बहुतेक कंपन्यांनी सारखंच ठेवलंय आणि मधला गोल कॉन्टॅक्ट जुळला की फ्लॅश उडतो. पण त्याच्या आजूबाजूच्या बारीक पिना प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने लावल्यात, गोम तिथेच आहे.

टीटीएल (थ्रू द लेन्स) मोडमध्ये बटण दाबलं की फ्लॅश आधी एक हलकी चमक टाकतो, कॅमेरा लेन्समधून आलेला उजेड मोजतो आणि फ्लॅशला कळवतो की खऱ्या फोटोला एवढा उजेड दे, हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. उजेड कमी करायचा म्हणजे फ्लॅशची ट्यूब मंद पेटते असं नाही हां, ती कमी वेळ पेटते. फुल पॉवरला साधारण १/१००० सेकंद आणि अगदी कमी पॉवरला १/२०००० सेकंदाच्या आसपास! हा निरोप पिनांमधून जातो, म्हणून कॅननचा फ्लॅश सोनीवर चढवला तर फार तर मॅन्युअल मोडवर, म्हणजे उजेड हाताने ठरवून, उडेल, टीटीएल विसरा. गोडॉक्ससारख्या कंपन्या एकच मॉडेल वेगवेगळ्या कॅमेऱ्यांसाठी काढतात, तिथे नावाच्या शेवटचं अक्षर बघायचं, सोनीला एस, कॅननला सी, निकॉनला एन, फुजीला एफ, आणि ऑलिम्पस-पॅनासॉनिक दोघांना मिळून ओ. कंपनी तीच असली तरी माहितीपुस्तिका बघाच, कॅननच्या आर५० वर कॅननचेच जुने स्पीडलाइट फ्लॅश लावायचे तर एडी-ई१ नावाचा ॲडॅप्टर घ्यावा लागतो.

आता खास मिररलेसची भानगड. फ्लॅश लावला, चालू केला, पण उडतच नाही, अशा वेळी आधी सायलेंट शटर, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर, बंद आहे का बघा. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एका क्षणात वाचला जात नाही, ओळीमागून ओळ वाचली जाते आणि साध्या सेन्सरला त्यासाठी फ्लॅशच्या चमकेच्या कित्येक पट वेळ लागतो, मग चमक काही ओळींनाच मिळणार आणि बाकी फोटो काळा, म्हणून बहुतेक कॅमेरे फ्लॅशच बंद ठेवतात. निकॉन झेड ९ चा सेन्सर इतका झटपट वाचला जातो की त्यात मेकॅनिकल शटर नसूनही फ्लॅश चालतो, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी अल्फा ९ थ्रीमध्ये तर सगळा सेन्सर एकदम वाचला जातो, त्यामुळे हा प्रश्नच मिटला. पण ही महागडी मंडळी झाली.

मेकॅनिकल शटरलाही मर्यादा आहेच. शटरचा वेग साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या वर नेलात की शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे राहत नाहीत, नुसती फट सरकत जाते, आणि फोटोत काळा पट्टा येतो. भर दुपारी उन्हात मागचं धूसर करून पोर्ट्रेट काढायचं असेल, म्हणजे लेन्स मोठी उघडून शटर वेगात ठेवावं लागणार असेल, तर हाय स्पीड सिंक असलेला फ्लॅश घ्या, तो एका मोठ्या चमकेऐवजी फट सरकेपर्यंत भराभर लुकलुकत राहतो. ऑलिम्पसने हे १९८६ मध्येच करून दाखवलं होतं. फक्त यात ताकद बरीच कमी होते, म्हणून आधीच छोटा फ्लॅश असेल तर निराशा होईल.

ताकद बघायची गाइड नंबरवरून, म्हणजे अंतराने भागलं की लेन्स किती उघडायची तो एफ नंबर देणाऱ्या आकड्यावरून. गाइड नंबर ३६ (मीटरमध्ये), माणूस ४ मीटरवर, तर ३६ भागिले ४ म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ ९. पण हा आकडा फ्लॅशचा झूम लांबवर ठेवून मोजलेला असतो, त्यामुळे दोन फ्लॅशची तुलना एकाच झूमवर करा. आणि अंधारात फोकससाठी लाल किरण सोडणाऱ्या, जुन्या डीएसएलआर (आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांसाठीच्या फ्लॅशला त्यासाठी जास्त पैसे देऊ नका, मिररलेस फोटोच्या सेन्सरवरच फोकस करतो आणि बहुतेक मॉडेल तो किरण वापरतच नाहीत.

घरात फिल्मच्या काळातला फ्लॅश पडलाय आणि तोच लावावासा वाटतोय? थांबा. त्यातल्या काहींच्या ट्रिगरवर, म्हणजे फ्लॅश उडवणाऱ्या मधल्या कॉन्टॅक्टवर, २०० व्होल्टच्या वरही दाब असतो, आजचं मानक २४ व्होल्टचं आहे, कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं. फ्लॅश पूर्ण चार्ज करा, मल्टिमीटर डीसीवर ठेवा, एक टोक मधल्या कॉन्टॅक्टला आणि दुसरं फ्लॅशच्या पायाच्या कडेच्या धातूला लावा. आकडा २४ च्या वर दिसला तर तो फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवूच नका.