बुटकी गाय दोन गुंठ्यांत चरते का?

कोकणात फार्महाऊस घेणाऱ्यांना हमखास सांगतात की कोकण कपिला किंवा पुंगनूर आणा, लहान गाय दोन गुंठ्यांत भागते. दोन गुंठ्यांत ती उभी राहील, पोट भरणार नाही.

200 किलोची गाय धरू. तिला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे रोज 5 किलो शुष्क चारा (पाण्याचा अंश वगळून) लागतो, वर्षाला 1,825 किलो. आता आपली जमीन मोजा. पावसाळा संपताना एक चौरस मीटर गवत कापून पूर्ण वाळवा आणि तोला. समजा 200 ग्रॅम भरलं, तर एकरी सुमारे 800 किलो. त्यातलं निम्मं मुळांसाठी राखायलाच हवं. उरलेल्या 400 किलोंच्या हिशेबाने गायीमागे साडेचार एकर लागतात! निम्मं न राखता खरवडून चारलं तर पुढच्या वर्षी टाकळा माजतो, गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि उघडी माती पावसात वाहून जाते.

जमीन कमी असेल तर चराईचा नाद सोडा. बारमाही पाण्यावर चार-पाच गुंठे संकरित नेपियर गवत लावा, 45 ते 60 दिवसांनी कापा (उशीर झाला की दांडे निबर होतात आणि निम्मा चारा गव्हाणीत पडून राहतो). रोज 15 किलो हिरवी कुट्टी (बारीक कापलेलं नेपियर), 2 किलो भाताचा पेंढा, शिवाय खनिज मिश्रण. पेंढा मात्र भातकापणीलाच भरून ठेवा, गायीमागे 700 ते 750 किलो.